कंद जपावेत पावसाआधी

निशिगंध, लिली, अमॅरिलिस ही कंदवर्गीय फुलझाडे ज्येष्ठांच्या बागेला फार सोयीची. एकदा लावली की अनेक वर्षे साथ देतात आणि रोजची मशागत मागत नाहीत. मात्र त्यांचे दुखणे जमिनीखाली सुरू होते. पाने पिवळी पडून ते आपल्या लक्षात येईपर्यंत कंद बहुधा हातचा गेलेला असतो. म्हणून खरी काळजी घ्यायची ती मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी.

कंद हातात घेऊन त्याच्या बुडाशी, मुळे फुटतात तेथे, अंगठ्याने हलकेच दाबून पाहावे. निरोगी कंद टणक आणि आकारमानाच्या मानाने जड लागतो. मऊ पडलेला किंवा आंबूस वासाचा कंद कितीही मोठा असला तरी लावू नये. शेजारचे कंदही त्याच्यामुळे बाधित होतात. सालीच्या पापुद्र्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण समजावेत. सैल साल काढून जुन्या टूथब्रशने, साबणाच्या पाण्यात ते घासून काढावेत व कंद सावलीत सुकवावा.

कंद कुजतो तो प्रामुख्याने साचलेल्या पाण्याने. कुंडीचे छिद्र मोकळे असावे आणि मातीत जाडसर वाळू मिसळावी. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढूनच ठेवावी. डेंग्यू पसरवणाऱ्या डासांनाही मग तेथे थारा मिळत नाही. झाडाच्या बुंध्याशी पांढरे तंतू व मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले, तर ते झाड भोवतालच्या मातीसह काढून टाकावे.

पाऊस स्थिरावला की लिलीवर ठिपकेदार काळ्या अळ्या येतात आणि पाहता पाहता पाने फस्त करतात. सकाळी हातमोजे घालून त्या वेचाव्यात व साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. चार कुंड्यांसाठी कीटकनाशक आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या बंदिस्त गॅलरीत दम्याचे आजोबा दिवसभर बसतात, तेथे तर मुळीच नाही.

आणखी एक धोका मात्र किडीचा नव्हे. एकदा मी अमॅरिलिसचे कंद सुकवून स्वयंपाकघरातील टोपलीत ठेवले होते. मोतीबिंदूमुळे अंधुक दिसणाऱ्या आईने त्यातलाच एक कांदा समजून चिरायला घेतला. कांद्याचा वास कसा येत नाही, म्हणून तिने मला हाक मारली आणि त्यामुळेच अनर्थ टळला. हा कंद विषारी असतो. तो पोटात गेल्यास उलट्या-जुलाब होतात. कळलावीचा कंद तर प्राणघातक ठरू शकतो. चुकून खाल्ला गेल्यास घरी उलटी करविण्याच्या खटपटीत न पडता, उरलेला तुकडा बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

आमचे कंद आता कागदी पिशवीत, वर ठळक अक्षरांत नाव लिहून, बागेच्या अवजारांजवळ राहतात. पिशवीवरची अक्षरे आईनेच वाचून तपासली आहेत.