सायन्स शिकलात, आता ते गिऱ्हाइकाला कळेल असं सांगा: बार्शीकडून घ्यायचा धडा



मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, ॲग्री केलेली बरीच मुलं-मुली आता गावाकडंच काहीतरी सुरू करायचं म्हणतायत. कुणाला जिवाणू खतांचं युनिट टाकायचंय, कुणाला केळीच्या टिश्यू कल्चर रोपांची नर्सरी, कुणाला माती-पाणी तपासणीची लॅब. मशीनची यादी तयार असते, प्रोजेक्ट रिपोर्ट तयार असतो. गाडी अडते ती एकाच ठिकाणी: यूट्यूबवर, इन्स्टावर, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्या मालाबद्दल बोलायचं काय आणि कसं?

इथं दोन प्रकारची माणसं दिसतात. पहिला कॅमेऱ्यासमोर उभा राहून कॉलेजातलं लेक्चर देतो. "ब्रेडीरायझोबियम जापोनिकम हा सहजीवी जिवाणू..." म्हणेपर्यंत शेतकरी पुढच्या रीलवर गेलेला असतो. दुसरा सायन्स गुंडाळून ठेवतो आणि थेट ओरडतो, "उत्पन्न दुप्पट! शंभर टक्के गॅरंटी!" त्याचा माल एक हंगाम विकतो. पुढच्या हंगामात तेच गाव त्याला दारात उभं करत नाही.

या दोघांच्या मधला रस्ता आपल्या बार्शीत मोबाइल यायच्या कितीतरी आधी तयार झाला होता. तो समजून घेऊ.

बार्शीत काय घडलं?

१९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि परांडा या तीन तालुक्यांतल्या गावांत कुणाला कोणता कॅन्सर होतो, याची नोंद ठेवायची. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल या कामाचं केंद्र होतं.

मोठ्या शहरात अशी नोंद दवाखान्यांच्या फायलींवरून करता येते. खेड्यात पेशंट दवाखान्यापर्यंत पोचतच नसेल तर फाइल कुठून येणार? म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरली. लोकांशी बोलली, कोणती लक्षणं दिसली तर अंगावर काढायचं नाही ते सांगितलं आणि तपासणीला यायला तयार केलं. काम होतं आकडे गोळा करायचं, पण आकडे मिळवण्यासाठी आधी लोकांशी बोलावं लागलं.

परिणाम काय झाला? गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर असलेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या स्टेजला दवाखान्यात येऊ लागल्या. हा अभ्यास १९९५ साली आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये छापून आला. लवकर आलेल्या पेशंटला उपचाराचा जास्त फायदा होतो, हे वेगळं सांगायला नको. म्हणजे नीट बोलणं हे उपचाराआधीचं औषधच ठरलं.

आता हे आपल्या धंद्याला कसं लावायचं ते बघू.

१. एका व्हिडिओत एकच काम सांगा

गावात गेलेल्या माणसानं पेशी कशा बिघडतात याचा धडा दिला असता तर कोण उठून दवाखान्यात गेलं असतं? "पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं तर दाखवायला या." एक लक्षण, एक कृती. एवढं लक्षात राहतं.

समजा तुमचं सोयाबीनचं रायझोबियम कल्चर आहे. व्हिडिओ असा करा: "दादा, पेरणीच्या दिवशी १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट. गुळाच्या गार पाण्यात कालवा, बियाण्याला हलक्या हातानं चोळा. सोयाबीनची साल नाजूक असते, रगडू नका. सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, कल्चर सगळ्यात शेवटी." संपला व्हिडिओ. जिवाणूचं शास्त्रीय नाव सांगायला मनाई नाही, पण ते शेवटी सांगा. जिवाणू हवेतला नत्र मुळांवरच्या गाठीत कसा धरतो, हा दुसरा व्हिडिओ होईल. ज्याला पहिल्याचा उपयोग झाला तो दुसरा शोधत येतो.

२. आकडा सांगताना दोन्ही बाजू सांगा

बार्शीच्या टीमनं पुढं धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यात एक मोठा अभ्यास केला. टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था सोबत होती. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे चार गट केले होते. २००९ साली तो अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला.

त्यातले दोन गट बघा. एका गटाला एचपीव्ही विषाणूची एकदा तपासणी देऊ केली. या गटात ३४,१२६ बायका होत्या. दुसऱ्या गटाला वेगळी तपासणी नव्हती, नेहमीचीच सेवा होती. त्यात ३१,४८८ बायका होत्या. आठ वर्षांत गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं पहिल्या गटात ३४ मृत्यू झाले, दुसऱ्यात ६४.

हे दोन प्रकारे सांगता येतं. "मृत्यू जवळपास निम्मे झाले." किंवा "दर हजार बायकांमागे साधारण २ मृत्यू व्हायचे, तिथं १ झाला." दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण नुसतं "निम्मे" म्हटलं तर ऐकणाऱ्याला मूळ धोका किती होता ते कळत नाही. नुसतं "हजारात एक" म्हटलं तर इतक्या मोठ्या लोकसंख्येत किती जीव वाचतात ते कळत नाही. प्रामाणिक माणूस दोन्ही सांगतो.

तुम्हीही हेच करा. "२० टक्के वाढ" असं बोर्डावर लिहिण्याआधी एका शेतकऱ्याच्या रानात दोन पट्टे ठेवा. एका पट्ट्यात तुमचं कल्चर, दुसऱ्यात नाही; बाकी बियाणं, खत, पाणी सगळं सारखं. काढणीला दोन्हीकडचा माल वजनकाट्यावर ठेवून व्हिडिओ काढा. फरक कमी निघाला तरी तो टाका. एका रानावरून सगळ्या तालुक्याचं सांगता येत नाही, हेही त्यातच बोला.

३. जे होणार नाही ते आधी सांगा

जिवाणू खत म्हणजे जिवंत माल. उन्हात पडलेलं पाकीट किंवा मुदत संपलेलं पाकीट घातलं तर फायदा दिसणार नाही. ज्या रानात वर्षानुवर्षं सोयाबीन आहे तिथं मातीत आधीच जिवाणू असू शकतात, तिथं फरक कमी दिसेल. सोयाबीनचं कल्चर ज्वारीला चालत नाही.

हे सांगितलं तर विक्री कमी होईल असं वाटतं ना? उलट होतं. ज्यानं मर्यादा सांगितली त्याच्या "हे चालतं" या शब्दाला किंमत येते. आणि पाकीट बाइकच्या डिकीत दिवसभर तापवून मग तक्रार करणारं गिऱ्हाईकही कमी होतं.

४. शंका घेणाऱ्याला अडाणी समजू नका

कुणीतरी लिहिणारच, "ही सगळी पावडर आहे, पैसे काढायचे धंदे." लगेच भांडायला जाऊ नका. असं उत्तर द्या: "काका, शंका बरोबर आहे, बाजारात तसा मालही आहे. आमच्या पाकिटावर बॅच नंबर, तयार केल्याची तारीख आणि मुदत छापलेली असते. आधी अर्ध्या एकरावर वापरून बघा, मग ठरवा." हे उत्तर त्या काकांसाठी जेवढं असतं तेवढंच ते गुपचूप वाचणाऱ्या इतर शंभर जणांसाठी असतं.

बार्शीचं कामही एका भेटीत झालं नाही. विश्वास बसायला वर्षं गेली. तुम्हीही एक व्हिडिओ टाकून बसू नका. पेरणीआधी, पेरणीत, पीक फुलात असताना, काढणीला असं हंगामाप्रमाणं बोलत राहा.

५. कायदा पाठ ठेवा

जिवाणू खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली येतात. परवान्याशिवाय उत्पादन आणि विक्रीच्या भानगडीत पडू नका. आरोग्याचा माल असेल तर जास्त सांभाळा: १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याखाली कॅन्सर, मधुमेह यांसारखे आजार बरे होतात अशी जाहिरात करता येत नाही. "सायन्समध्ये सिद्ध झालंय" असं पुढं जोडलं म्हणून सूट मिळत नाही.

लॅब टाकली असेल तर कुणाचाही रिपोर्ट किंवा फोटो त्याच्या लेखी परवानगीशिवाय टाकायचा नाही. नाव झाकलं तरी गावात माणूस ओळखू येतो. आणि दुसऱ्या कंपनीच्या मालाचे पैसे घेऊन व्हिडिओ केला असेल तर "ही जाहिरात आहे" असं स्पष्ट सांगायचं.

६. व्ह्यूज मोजू नका, काम मोजा

बार्शीवाल्यांनी किती लोकांनी ऐकलं यावर समाधान मानलं नाही. बाई कोणत्या स्टेजला आली, हे मोजलं. तुमचा आकडाही असाच हवा. माती तपासणीचा व्हिडिओ टाकला, ५० हजारांनी बघितला आणि नमुना एकही आला नाही, तर व्हिडिओ फसला. २०० जणांनी बघितला आणि नऊ जण मातीची पिशवी घेऊन आले, तर तो चालला. येणाऱ्या प्रत्येकाला "कुठं कळलं?" एवढं विचारा आणि वहीत लिहा. महिन्याच्या शेवटी कोणता व्हिडिओ कामाचा होता ते वहीच सांगेल.

या आठवड्याचा गृहपाठ

एक कागद घ्या. तीन ओळी लिहा: माझ्या गिऱ्हाइकानं उद्या कोणतं एक काम करावं? ते केल्यानं किती फरक पडतो, आणि तो मी कशावरून सांगतोय? माझा माल कुठं चालत नाही? घरातल्या सायन्स न शिकलेल्या माणसाला वाचून दाखवा. त्यानं तेच आपल्या शब्दांत परत सांगितलं तर कॅमेरा सुरू करा. नाही सांगता आलं तर कागद पुन्हा लिहा, कॅमेरा थांबेल.

चला, कामाला लागा!