मोटारीची चाके बदलताना

दौंड तालुक्यातून पुणे-सोलापूर महामार्ग व शिरूर तालुक्यातून पुणे-अहिल्यानगर रस्ता जातो. ऊसतोडणीच्या हंगामात येथे भरलेल्या ट्रॉल्यांची वर्दळ असते. समोरून ट्रॉली आली की लहान मोटारीला रस्त्याची कड सोडून खाली उतरावे लागते. अशा मोटारींना पोलादी चाकांऐवजी मिश्रधातूची, म्हणजे ‘अलॉय’ चाके बसविण्याची हौस अनेकांना असते. हौस गैर नव्हे. मात्र भाराचा विचार प्रथम व्हावा.

टायरच्या कडेवर ‘१८५/६५ आर १५ ८८’ असे आकडे असतात. त्यांतील ८८ हा भारांक होय. योग्य हवा असताना असा एक टायर जास्तीत जास्त ५६० किलो भार पेलतो. ‘१९५/५५ आर १६’ हा टायर अधिक रुंद आणि बाह्य व्यासाने जवळजवळ तेवढाच. परंतु त्याचा भारांक ८७ असल्यास क्षमता ५४५ किलोच भरते. मोठे चाक अधिक भार वाहते, हा समज येथेच खोटा ठरतो. शिवाय टायरच्या कडेची उंची १२० मिलिमीटरवरून १०७ वर येते व खड्ड्याचा आघात थेट चाकावर बसतो. पोलादी चाक बहुधा वाकते. ओतीव अलॉय चाकाला तडा जाऊ शकतो.

म्हणून नव्या टायरचा भारांक मोटारीच्या उत्पादकाने सांगितलेल्या भारांकाहून कमी नसावा. चाकाची स्वतःची भारक्षमताही विक्रेत्याकडून पाहून घ्यावी. नटांची संख्या, त्यांच्या छिद्रांचे वर्तुळ आणि मधले भोक तंतोतंत जुळले पाहिजे. पाच माणसे व मागे धान्याची पोती असा प्रवास असेल, तर दाराच्या चौकटीवरील तक्त्यातील पूर्ण भारासाठीचा दाब पाहून, टायर थंड असताना हवा भरावी.