निदानपरिवर्जन आणि हवेचा पूर्वअंदाज

जनपदोद्ध्वंसाच्या कारणांत चरकाचार्यांनी वायू, उदक, देश व काळ यांची गणना केली असून, दूषित वायूच्या लक्षणांत धूळ व धूर यांचाही निर्देश केला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेली ‘सफर’ ही हवेच्या पूर्वअंदाजाची प्रणाली दिल्लीत २०१० साली, तर मुंबईत २०१५ साली सुरू झाली. अशा प्रणालीत उत्सर्जनाची नोंद, वारा व तापमान यांच्या गणितावरून सूक्ष्मकणांचे प्रमाण आधीच वर्तविता येते. हिवाळ्यात रात्री व पहाटे भूपृष्ठालगतचा मिश्रणस्तर खाली येतो आणि कण तेथेच कोंडतात. म्हणूनच तमकश्वासाच्या रुग्णांना पहाटेच्या फिरण्याचा सल्ला आम्ही अंदाज पाहूनच देतो. औषधनिर्मात्या बंधूंनीही अशा दिवशी गोवऱ्यांचे गजपुट पुढे ढकलावे. तो धूरही रुग्णाच्याच श्वासात जातो. निदानपरिवर्जनाचा आरंभ आपल्यापासूनच व्हावा.