मुंबईचा साचा, चेन्नईची कपात

मुंबईचा उद्योग चेन्नईत शाखा उघडतो, तेव्हा वेतनाच्या संगणकप्रणालीत जुनाच साचा वापरण्याचा मोह होतो. भविष्यनिर्वाह निधीचे सूत्र दोन्हीकडे एकच. व्यवसायकराचे मात्र तसे नाही. महाराष्ट्रात तो राज्य शासन दरमहा घेते व २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. चेन्नईत तो महानगरपालिका सहामाही उत्पन्नावर आकारते. तेथे ही सवलत नाही. मुंबईच्या साच्यात २०,००० रुपये वेतनाच्या चेन्नईतील कर्मचारी स्त्रीची कपात शून्य दिसते आणि सहामाहीअखेर १,२५० रुपये एकाच पगारातून जातात. म्हणून प्रणालीत आधी कार्यस्थळ नोंदवावे, मग कपातीचे सूत्र. घरखर्चाची जुळणी पगारपत्रकावरच होत असते.