गिब आवळून भागत नाही

कारखान्यात काम बिघडले की पहिले बोट कारागिराकडे वळते. अशाच एका प्रकरणात, मिलिंग यंत्रावरील कामगारास नोटीस मिळाली असता, आम्ही चौकशीत त्याच्या बाजूने उभे राहिलो. वाद घालण्याऐवजी आम्ही एवढेच मागितले की यंत्राला डायल गेज लावून पाहावे. टेबलाचे टोक हाताने आडवे ढकलताच काटा ०.२० मिलिमीटर सरकला. नोटीस मागे घेतली गेली. यंत्र मात्र होते तसेच होते.

मिलिंग यंत्रात दातेरी कटर जागच्या जागी फिरतो आणि काम टेबलासह त्याच्याखालून सरकते. ज्यांनी हे पाहिले नसेल त्यांनी घरच्या मेजाचा खण आठवावा; खण सैल झाला की ओढताना तिरका होतो. टेबल ज्या सरकपट्ट्यांवर चालते त्यांच्या कडा तिरक्या कापलेल्या असतात, आणि एका बाजूस पाचरीसारखी लांब पट्टी घातलेली असते. तिला गिब म्हणतात. स्क्रू फिरवला की गिब पुढे सरकून सैलपणा भरून काढते.

पण झीज सगळीकडे सारखी नसते. बहुतेक काम टेबलाच्या मधल्या भागावर होते. तोच पल्ला रोज घासला जातो, टोके जवळजवळ कोरी राहतात. मध्याला बेताची आवळलेली गिब टोकाशी टेबल अडकवते, टोकाशी मोकळी ठेवली तर मध्ये सैल पडते. फोरमनने आवळायला सांगावे आणि हँडल फिरेना म्हणून कामगाराने पुन्हा ढिली करावी, हा खेळ आम्ही कितीदा पाहिला आहे!

हँडलचा रिकामा फेर ही निराळी गोष्ट. तो मळसूत्राचा व त्याच्या नटाचा दोष. गिब आवळून तो जात नाही. कटरच्या फिरण्याच्याच दिशेने काम सरकवले, तर कटर त्या मोकळ्या जागेपुरते टेबल झटक्याने ओढून घेतो. मग दात तुटतात, काम उडते, आणि जवळ हात असला तर पुढचे सांगायला नको.

झिजलेल्या सरकपट्टीवर जुना उपाय स्क्रेपिंगचा. खात्रीच्या सपाट पट्टीला निळ्या रंगाचा अगदी पातळ लेप देऊन ती घासायची. रंग उमटेल तो उंचवटा. तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा, पुन्हा घासायचे, पुन्हा खरवडायचे. ठिपके बारीक होऊन सर्वत्र सारखे पसरेपर्यंत हेच चालते. मधल्या उथळ खळग्यांत तेल टिकते. पण मुळात पट्टी सपाट कशावरून? इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली ग्लासगो येथे याचे उत्तर मांडले: तीन प्लेटा आळीपाळीने एकमेकींशी जुळवायच्या. दोनच घेतल्या तर एक फुगीर व दुसरी खोलगट असूनही जुळतात. तिसरी त्यांचे बिंग फोडते. खरवडून कमी झालेली जाडी भरण्यासाठी आता टेफ्लॉनच्या जातीची पट्टीही चिकटवतात.

त्या यंत्राचे काम एका जुन्या फिटरने केले. यंत्र उघडून ठेवले होते तेवढ्या दिवसांचा पगार कामगाराला मिळावा, म्हणून आम्हांस पुन्हा एकदा मॅनेजरच्या खोलीत जावे लागले.