पाहणं डोळ्यांत नाही, मेंदूत घडतं

मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर, रेटिना हे शब्द सातारा-सांगलीच्या घराघरांत ओळखीचे आहेत. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४मध्ये रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून लांबलांबचे रुग्ण तिथे येत आले. पण डोळ्यांच्या मागे, मेंदूत काय चालतं याबद्दल अजूनही बरेच गैरसमज आहेत. त्यातल्या काहींपायी मुलांची नजर कायमची अधू राहते.

गैरसमज : डोळे चांगले असले की दिसतंच.
वस्तुस्थिती : डोळा प्रकाशाचं रूपांतर विद्युत-संदेशात करतो. दृष्टीच्या नसेतल्या सुमारे दहा लाख तंतूंमधून ते संदेश निघतात आणि थॅलॅमसमार्गे डोक्याच्या पार मागच्या बाजूला, व्हिज्युअल कॉर्टेक्समध्ये पोहोचतात. तिथे मोठी इजा झाली, तर डोळे निरोगी असूनही दिसत नाही. रशिया-जपान युद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांना तपासून डॉ. तात्सुजी इनोये यांनी १९०९मध्ये या भागाचा नकाशा मांडला. दुचाकीवरचं हेल्मेट नजरही जपतं, ते यामुळेच.

गैरसमज : डाव्या डोळ्याचं सगळं उजव्या मेंदूत जातं.
वस्तुस्थिती : वाटणी डोळ्यांची नसते, दृश्याची असते. दोन्ही डोळ्यांना डावीकडे जे दिसतं, ते उजव्या मेंदूत जातं आणि उजवीकडचं डाव्या मेंदूत. म्हणून मेंदूच्या उजव्या मागच्या भागाला पक्षाघाताचा फटका बसला, तर रुग्णाला दोन्ही डोळ्यांनी डावी बाजू दिसत नाही. वर्तमानपत्र वाचताना ओळीची सुरुवातच निसटते आणि घरच्यांना वाटतं, चष्मा बदलायला हवा.

गैरसमज : मेंदूत जसाच्या तसा फोटो उमटतो.
वस्तुस्थिती : साताऱ्यातल्या रस्त्यावरून समोर पाहिलं, की वर दिसणारा अजिंक्यतारा कॉर्टेक्सच्या खालच्या काठावर नोंदला जातो आणि खालचा रस्ता वरच्या काठावर. शिवाय जागेची वाटणी समान नसते. नजरेच्या केंद्राभोवतीच्या सुमारे १० अंशांच्या भागाला प्राथमिक कॉर्टेक्सची निम्म्याहून अधिक जागा मिळते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांना तिथल्या पेशी ठरावीक कलाच्या रेषांनाच प्रतिसाद देताना आढळल्या. कोणी उभ्या रेषेला, कोणी तिरप्या. या कामासाठी १९८१च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. पुढचे काही भाग रंगावर, तर काही हालचालीवर अधिक काम करतात. सांगलीच्या बाजारातल्या हळदीचा पिवळा रंग आणि समोरून येणाऱ्या एसटीचा वेग यांवर मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी काम होतं.

गैरसमज : मूल थोडं चकणं असणं भाग्याचं; मोठेपणी आपोआप सरळ होईल.
वस्तुस्थिती : सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच. दोन डोळ्यांकडून जुळणारं चित्र आलं नाही, की वाढत्या वयातला मेंदू एका डोळ्याचे संदेश बाजूला सारतो. कॉर्टेक्समधली त्याची जागा दुसरा डोळा घेतो. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. चष्मा, चांगल्या डोळ्यावर पट्टी आणि गरजेनुसार शस्त्रक्रिया हे उपाय जितके लवकर, तितका गुण जास्त.

गैरसमज : वय निघून गेलं, आता उपचारांचा उपयोग नाही.
वस्तुस्थिती : एमआयटीतले डॉ. पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये, जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या भारतीय मुलांवर बऱ्याच उशिरा शस्त्रक्रिया झाल्या. नजर पूर्ण तीक्ष्ण झाली नाही, तरी अनेक मुलं वस्तू आणि चेहरे ओळखायला शिकली. उशीर टाळायलाच हवा, पण उशीर झाला म्हणून डॉक्टरांकडे जाणं टाळू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुलांची तपासणी करतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. डोळा तिरका वाटला, बुबुळात पांढरेपणा दिसला किंवा मूल मान वाकडी करून पाहत असेल, तर थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा. साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय आहे, सांगली-मिरजेत शासकीय रुग्णालयं आहेत. मुलाचा मेंदू पाहायला शिकत असतानाच उपचार सुरू होऊ द्या.