घरगुती जीवनातील चक्रीय अर्थव्यवहारांचे मापन : काही पद्धतिशास्त्रीय विचार

सारांश : कुटुंबाच्या पातळीवर चक्रीय अर्थव्यवस्थेचे मापन करताना सामान्यतः पर्यावरणपूरक कृतींची संख्या मोजली जाते. अशा मापनात कमी वस्तू विकत घेणारे कुटुंब मागे पडते व अधिक वस्तू घेऊन अधिक भंगार विकणारे कुटुंब पुढे जाते. वस्तूचा घरात प्रवेश, तिचा वापरकाळ व तिचे निर्गमन या तिन्ही बाबी एकत्र नोंदविल्याखेरीज हा दोष दूर होत नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : चक्रीय अर्थव्यवस्था, कुटुंब, पुनर्वापर, दुरुस्ती, निर्देशांक.

प्रस्तावना

वस्तू तयार करणे, वापरणे व टाकून देणे या एकरेषीय क्रमाऐवजी वस्तू आणि तिच्यातील द्रव्य शक्य तितका काळ वापरात ठेवणारी अर्थरचना म्हणजे चक्रीय अर्थव्यवस्था होय. केनेथ बोल्डिंग यांनी १९६६ मध्ये पृथ्वीला अवकाशयानाची उपमा देऊन या विचाराची दिशा दाखविली आणि डेव्हिड पिअर्स व केरी टर्नर यांच्या १९९० च्या ग्रंथात ही संज्ञा अर्थशास्त्रीय चर्चेत आली. (अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ‘चक्रीय’ म्हटल्यावर तेजी-मंदी आठवते. त्या दृष्टीने ‘वर्तुळाकार’ हा शब्द अधिक निर्दोष ठरला असता. परंतु आता ‘चक्रीय’ रुळला आहे.)

या संकल्पनेची प्रस्थापित मापके प्रामुख्याने राष्ट्राच्या किंवा उद्योगाच्या पातळीवरची आहेत. युरोपीय संघात वापरल्या गेलेल्या एकूण द्रव्यापैकी पुनर्प्रक्रियेतून आलेल्या द्रव्याचे प्रमाण २०२३ साली सुमारे १२ टक्के होते. असा आकडा घराला लावता येत नाही, कारण आपल्या बादलीतील प्लास्टिक नवे की पुनर्प्रक्रिया केलेले, हे गृहिणीला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यामुळे घरासाठी स्वतंत्र मोजपट्टी आवश्यक ठरते.

परिचित व्यवहार, अपरिचित नाव

महाराष्ट्रातील घराला हे व्यवहार नवे नाहीत. बोहारीण जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडे देते. सुती लुगड्याची गोधडी होते, गोधडीचे पायपुसणे होते. रद्दी विकली जाते, पितळेच्या भांड्याला कल्हई लावली जाते, विळीला धार लावून घेतली जाते. गिरणीत दळण नेताना डबा घरचाच असतो, आणि पुन्हा भरता येणाऱ्या भांड्याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि २००८ पासून तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद महापालिकेशी झालेल्या करारानुसार घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. घरातून बाहेर पडलेल्या कागद-पत्र्याचे पुढे काय होते, हे या कष्टकरी स्त्रियांच्या श्रमावर अवलंबून असते. घराच्या गुणपत्रिकेत मात्र त्याचे सारे श्रेय घराकडे जाते.

परदेशी नमुन्यावरून तयार केलेल्या प्रश्नावलीत ‘आपण भाड्याने वस्तू घेता काय?’, ‘दुरुस्ती केंद्रास भेट देता काय?’ असे प्रश्न असतात. दारावर येणारी बोहारीण, कोपऱ्यावरचा चांभार आणि मोठ्या भावाची पुस्तके वापरणारा धाकटा भाऊ तीत कोठेच बसत नाहीत. उत्तरदात्याला प्रश्न कळला नाही, तर त्याच्या घरी व्यवहारच नाही असा निष्कर्ष निघतो.

कृतींची बेरीज व तिचा दोष

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. प्रत्येकी चार माणसांची दोन कुटुंबे आहेत. ‘अ’ कुटुंबात महिन्याला १० किलो वेष्टनद्रव्य येते व त्यातील ८ किलो भंगारवाल्याकडे जाते. ‘ब’ कुटुंबात ३ किलो येते व २ किलो भंगारात जाते. परतीचे प्रमाण पाहिले तर ‘अ’ला ८० टक्के व ‘ब’ला सुमारे ६७ टक्के गुण मिळतात. चक्राबाहेर गेलेले द्रव्य मात्र ‘अ’च्या घरून २ किलो आणि ‘ब’च्या घरून १ किलो आहे. ‘ब’ कुटुंब किराणा सुटा आणते, भाजीला पिशवी नेते; त्याच्याकडे विकायला भंगारच कमी आहे. प्रभाग पातळीवरच्या एखाद्या स्पर्धेत टक्केवारीवर बक्षीस ठेवले तर ते ‘अ’ला जाईल. लोक काय करू लागतील हे मापनाच्या पद्धतीवरून ठरत असल्याने हा दोष केवळ तांत्रिक राहत नाही.

आपल्याकडील संशोधनात आणखी एक सवय दिसते. १५-२० विधाने, पाच पर्याय, गुणांची बेरीज व क्रॉनबॅकचा अल्फा, एवढ्यावर मापन सिद्ध झाले असे मानले जाते. अल्फा उपयोगी पडतो तो सर्व विधाने एकाच सुप्त गुणधर्माची लक्षणे असतील तेव्हा. घरगुती चक्रीयतेचे घटक तसे नाहीत. खत करणे, दुरुस्ती करून घेणे व खरेदीच टाळणे या परस्परांपासून स्वतंत्र, प्रसंगी विरुद्ध दिशेने जाणाऱ्या गोष्टी आहेत. येथे अल्फा कमी आला म्हणून एखादा घटक गाळणे म्हणजे ज्याचे मापन करायचे तोच भाग कापून टाकणे होय. ज्या घरात मिक्सर बिघडलाच नाही, त्याला दुरुस्तीच्या प्रश्नात शून्य देणेही अन्यायाचे आहे. तेथे ‘लागू नाही’ अशी नोंद करून छेदातून तो प्रश्न वगळला पाहिजे.

वापरकाळाची नोंद

वजन व रुपये यांच्याहून घराला अधिक उपयुक्त एकक काळ हे आहे, असे आम्हांस वाटते. समजा, १२०० रुपयांची सुती साडी ६ वर्षे नेसली गेली. वार्षिक खर्च २०० रुपये झाला. तिचीच गोधडी होऊन ती आणखी ५ वर्षे टिकली, तर एकूण ११ वर्षांचा वार्षिक खर्च सुमारे १०९ रुपयांवर येतो. अर्थात गोधडी शिवणाऱ्या हातांचे श्रम या हिशेबात शून्य धरले गेले आहेत. २०२४ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकामात सहभागी स्त्रिया त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटे, तर सहभागी पुरुष ८८ मिनिटे देतात. कचऱ्याचे वर्गीकरण, बरण्या धुऊन ठेवणे, फाटके शिवणे ही कामे कोणाच्या वाट्याला येतात हे सांगावयास नको. म्हणून प्रत्येक कृतीसमोर ‘कोणी केली?’ व ‘किती वेळ लागला?’ हे दोन रकाने असावेत. ते नसतील तर स्त्रीवर वाढलेला भार घराची प्रगती म्हणून नोंदविला जाईल.

दीर्घ वापर सर्वत्र इष्टच, असेही नाही. पंखा, शीतकपाट यांसारख्या वस्तूंचा भार वापरात असतानाच्या विजेमुळे पडतो. जुने, वीज खाणारे शीतकपाट आणखी दहा वर्षे चालविणे द्रव्याच्या दृष्टीने बचतीचे, पण ऊर्जेच्या दृष्टीने तोट्याचे ठरू शकते. अशा वस्तूंची गणना कपडे, भांडी, फर्निचर यांच्याबरोबर न करता वेगळी करावी.

उपलब्ध आकडेवारी व क्षेत्रकार्य

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या उपभोग खर्चाच्या २०११-१२ च्या अनुसूचीत टिकाऊ वस्तूंची नवी खरेदी, जुन्या वस्तूंची खरेदी व दुरुस्तीचा खर्च असे स्वतंत्र रकाने होते. वस्तूच्या मोबदल्यात मिळालेल्या वस्तूलाही त्या पाहणीत जागा आहे. वस्तू घरातून बाहेर कशी गेली हे मात्र ती विचारत नाही, कारण तिचा हेतूच उपभोग मोजण्याचा आहे. महाविद्यालयीन प्रकल्पांना भर घालता येईल ती येथेच.

‘आपण वस्तू दुरुस्त करून वापरता काय?’ या प्रश्नाला बहुतेक उत्तरदाते ‘होय’ म्हणतील. त्याऐवजी ‘गेल्या सहा महिन्यांत दुरुस्त करून घेतलेली शेवटची वस्तू कोणती, कोठे व किती रुपयांत?’ असे विचारावे. कारणही विचारावे, कारण परवडत नाही म्हणून केलेली दुरुस्ती व आवडते म्हणून केलेली दुरुस्ती यांचे द्रव्याच्या हिशेबात मोल सारखेच असले, तरी उत्पन्न वाढल्यावर त्यांतील कोणती टिकेल हा प्रश्न वेगळा आहे. पाहणीचा महिना तर अवश्य नोंदवावा. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत वर्षाचे भंगार एकदम निघते, आणि प्रकल्पाच्या सोयीने दिवाळीच्या सुट्टीनंतर घेतलेल्या माहितीत तेच दरमहाचे प्रमाण म्हणून उतरते. आठ दिवसांची रोजनिशी वर्षातून दोनदा, एकदा श्रावणाच्या आसपास व एकदा फाल्गुनात, त्याच घरांत भरून घेतल्यास हा फरक बराच कमी होतो.